पंचा नेसलेला कॉन्फरन्स कॉल

हिंजवडीत नोकरीला लागल्यापासून आमच्या भाच्याला अडचणी येत नाहीत, 'चॅलेंजेस' येतात. त्याला वेळ नसतो असंही नाही, 'बँडविड्थ' नसते. मध्यंतरी ताईनं त्याला दळण आणायला सांगितलं, तर जेवता जेवता म्हणाला, "आई, माझ्या प्लेटमध्ये आणखी काही टाकू नकोस." त्या माउलीनं वाढायला घेतलेली भाकरी परत टोपलीत ठेवली.

कचेरीच्या भाषेचा वैताग आपल्याकडे नवा नाही. शिवाजी महाराजांनी दरबारातल्या फारसी शब्दांना पर्याय हवेत म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता, त्यात सुमारे 1400 शब्द आहेत. पण त्या फारसी शब्दांना निदान अर्थ तरी होता. 'सिनर्जी' पुढ्यात आली असती तर कोशकारांनीही लेखणी खाली ठेवली असती.

अशा या भाच्याला घेऊन आम्ही उज्जैनला गेलो. क्षिप्रास्नानाचा बेत ताईचा. सकाळी रामघाटावर पोचलो. समोर दत्त आखाडा, घाटावर फुलवाले, होड्या, नि पायऱ्यांवर छत्र्या उघडून बसलेले पुरोहित. महाकाळाचं मंदिर जवळच. अठराव्या शतकात ते पुन्हा उभं केलं राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी. बहुधा 'व्हिजन स्टेटमेंट' न काढता.

भाचा पंचा नेसून पायरीवर उभा आणि कानात ब्लूटूथ. "हो हो, ऑफसाइटच आहे मी," असं तो कोणाला तरी सांगत होता. "आधी लो हँगिंग फ्रूट घेऊन टाकू," तो म्हणाला, आणि मागून आलेल्या गाईनं आमच्या पूजेच्या ताटातली केळी घेऊन टाकली. पुढे तो आवेशात येऊन म्हणाला, "यात डीप डाइव्ह मारायलाच लागेल!" तसे गुरुजी लगबगीनं उठले. "यजमान, इथे बसून डुबकी घ्यायची. उडी नका मारू, पाणी खोल आहे." त्यांचं मराठी माळव्यातलं. "मी कधीचा बघून राहिलोय, तुम्ही एकटेच बोलून राहिलात."

कॉल म्यूट झाला आणि संकल्प सुरू झाला. आता, बोजडपणात संकल्पही मागे नाही. कल्प, मन्वंतर, युग, युगाचा चरण, मग द्वीप, खंड, क्षेत्र, नदी, तिचा तीर. एवढा सविस्तर पत्ता कुरिअरवालाही मागत नाही. त्यात गुरुजी विक्रमाच्या नगरीतले, ते विक्रम संवत् म्हणाले. मी सवयीनं शालिवाहन शके पुटपुटलो. कथेत हे दोघे हाडवैरी, आणि दोघांच्या कालगणनेत 135 वर्षांचं अंतर. गुरुजींनी शांतपणे दोन्ही म्हटलं नि पुढे सरकले. ऑफिसात एवढ्यावर 'स्टेकहोल्डर अलाइनमेंट'च्या तीन मीटिंगा झाल्या असत्या.

"गोत्र?" गुरुजींनी विचारलं. भाच्याला आपलं व्हर्टिकल ठाऊक, सबव्हर्टिकल ठाऊक, मुख्य मॅनेजर आणि 'डॉटेड लाइन'वाला मॅनेजरही ठाऊक. गोत्रासाठी मात्र वरच्या पायरीवर कपडे सांभाळत बसलेल्या ताईकडे 'एस्कलेट' करावं लागलं.

त्या लांबलचक संकल्पातली मला आवडलेली गोष्ट अशी, की ब्रह्मांडभर फिरून तो शेवटी एका माणसापाशी येऊन थांबतो. अमुक गोत्राचा, अमुक नावाचा मी आज हे करणार. संपलं. उलट भाच्याच्या कॉलवरचे सगळे जण 'अलाइन' झाले, प्रत्येकानं 'ओनरशिप' घेतली, 'सर्कल बॅक' करायचंही ठरलं. काम कोण करणार, हे मात्र गुलदस्त्यातच. मी विचारलं तर म्हणाला, "मामा, ते टीम ड्राइव्ह करेल." माझ्या अनुभवात ज्या गाडीचे दहा चालक असतात ती आगारातच उभी असते. पण ते जाऊ द्या.

स्नान उरकल्यावर गुरुजींनी लाल कापडात गुंडाळलेली लांबट वही काढली. गाव, आडनाव विचारत पानं उलटली आणि आमच्या पणजोबांची नोंद सापडली. मोडी अक्षर. गुरुजींनी बोट ठेवून वाचलं: नाव, गाव, मुलांची नावं आणि पुढे एकच शब्द, कारकून.

"आता तुमचं लिहू. काय करता, यजमान?"

"कस्टमर सक्सेस एनेबलमेंट लीड," भाचा म्हणाला.

गुरुजींची लेखणी वहीवर अधांतरी राहिली. "म्हणजे सकाळी जाऊन काय करता?"

भाचा सांगू लागला. क्लायंटची जर्नी, टचपॉइंट्स, व्हॅल्यू अनलॉक करणं, एंड टू एंड. गुरुजी मान डोलवत सगळं ऐकत होते, मध्ये एकदा त्यांनी गाईलाही हाकललं.

"पगार महिन्याच्या महिन्याला येतो?"

"हो."

"सरकारी की खाजगी?"

"खाजगी."

गुरुजींनी लिहिलं, 'नोकरी, खाजगी.' मग भाच्याकडे एकवार पाहून पणजोबांच्या ओळीखालीच जागा होती तिथे कंसात 'कारकून' घातलं आणि वही सहीसाठी पुढे केली.