आधी छत्री, मग अक्कल

सालेकसा-देवरीकडे टीव्हीवरचं एखादं चॅनेल गायब झालं, की घरातला बाप्या आधी कवेलूंवर चढतो. छत्री फिरवायची, खालून ‘नाही आलं गा!’ ऐकायचं, पुन्हा फिरवायची. तोवर उरलेली चॅनेलंही जातात आणि दोन कवेलू फुटतात. डीडी फ्री डिशचा उपग्रह बिचारा ९३.५ अंश पूर्वेला जागेवरच असतो. चॅनेल जातं ते वेगळ्याच कारणानं. दूरदर्शनच्या या मोफत सेवेवर खासगी चॅनेलांच्या जागा लिलावात जातात. बोली सुटली, चॅनेल गेलं. काही चॅनेलं एमपेग-४ ची. जुन्या एमपेग-२ डब्याला ती दिसतच नाहीत. धानाच्या दिवसांत काळे ढग आडवे येतात, तो भाग वेगळा. पाऊस थांबला की चित्र परततं. तेव्हा रिमोटवरून चॅनेलं पुन्हा शोधा, वायरीची पिन घट्ट करा. छत्रीला हात सगळ्यात शेवटी.