‘सातच्या आत घरात’ यास खुले पत्र

‘सातच्या आत घरात’ या नियमा,

साष्टांग नमस्कार तुला घालणार नाही. पंधरा वर्षं बेळगावात कॉम्प्युटर सायन्स शिकवते आहे. मुली कॉलेज सोडतात तेव्हा अर्जावर ‘घरगुती कारण’ एवढंच लिहितात. तुझं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. म्हणून हे पत्र जाहीर.

निपाणी इथून सुमारे 75 किलोमीटर. सातला उंबरठ्याच्या आत पाय हवा, तर पोरीने साडेचारलाच बॅग उचलायची. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या निपाणीच्या एकीचा प्रोग्राम दुपारभर अडला होता. सव्वाचारला तिला चूक सापडली. पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, इथं चुकलंय.” आणि ओढणी सावरत बस गाठायला पळाली. दुरुस्ती मुलांनी केली, सात वाजून गेल्यावर, चहा पीत. प्रोजेक्टमध्ये तिच्या वाट्याला आलं रिपोर्टचं टायपिंग. अशा मुलीला पुढच्या सेमिस्टरला बॅक लागतो, घरात “झेपत नाही तर कशाला?” सुरू होतं, आणि स्थळ तर दारात उभंच असतं.

वर तूच मिशीला पीळ देत सांगतोस, पोरींना कोडिंग जमत नाही! अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1995 साली कॉम्प्युटर सायन्सला नव्याने आलेल्यांत मुली 7 टक्के होत्या. मुलगे लहानपणापासून संगणकाशी खेळून आलेले, मुलींच्या हाती तो उशिरा आलेला, हे तिथल्या लोकांनी ओळखलं. प्रवेशाची रीत बदलली, शिकवणं बदललं. 2000 साली मुली 42 टक्के झाल्या. आमच्याकडे मुलगे मध्यरात्रीपर्यंत मित्राच्या खोलीवर लॅपटॉपला चिकटलेले असतात. निपाणीच्या पोरीला कॉलेजची लॅब तेवढी, तीही तू साडेचारला हिसकावून घेतोस.

काळजीचं सोंग माझ्यापुढे आणू नकोस. याच मुलीची आजी निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, बोटं तंबाखूने पिवळी. हजाराचा आकडा भरेस्तोवर रात्रीचे अकरा वाजायचे. तेव्हा तू घड्याळ पाहिलं नाहीस. बाईने मजुरीसाठी डोळे फोडले तर तुला चालतं, नात शिकायला थांबली की घराण्याची अब्रू आठवते.

रस्त्याची भीती खरी आहे. मलाही मुलगी आहे. पण त्या भीतीवर इलाज करता येतो. शक्ती योजनेमुळे 11 जून 2023 पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही. आता संध्याकाळी उशिराची गाडी हवी, स्टँडवर उजेड हवा, आणि घरी पोचल्यावर बोलण्यांऐवजी ताट वाढलेलं हवं.

निपाणीच्या बाबांनो, आम्ही लॅब साडेसातपर्यंत उघडी ठेवतो. तुम्ही साडेनऊला स्टँडवर या.