असतील इथेच!

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकड्यावर बसण्यात नागपूरकराचा हात कुणी धरणार नाही. गोंदियाचे साडू पित्ताशय घेऊन येतात, छिंदवाड्याची मावससासू गुडघे घेऊन येते, चंद्रपूरचे व्याही हर्निया घेऊन येतात. ऑपरेशन धंतोलीत नाहीतर रामदासपेठेत होतं आणि डबा आपल्या घरून जातो. बाकड्यावर बसून बसून आमच्या घरातला प्रत्येक जण या विषयातला जाणकार झाला आहे. दारावरचा लाल दिवा किती वेळ जळला की काळजी करायची, बाहेर आलेल्या डॉक्टरांनी आधी फाईल मागितली तर काय समजायचं आणि चहा मागितला तर काय, यावर आमचे मोठेबाबा तासभर बोलू शकतात. त्या दाराच्या आत काय चालतं, एवढं सोडून आम्हाला सगळं ठाऊक आहे.

अशा घरात बारावीचा निकाल लागल्यावर माझ्या पुतणीने जाहीर केलं, "मी ओटी टेक्नॉलॉजिस्ट होणार."

मोठेबाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. ते खूश झाले. "ओटी चांगली हाय. मी अर्धं घर ओटीवरच बांधलं," म्हणाले. त्यांच्या हिशेबी ओटी म्हणजे ओव्हरटाइम. आत्याबाईंना मात्र शंका आली.

"काहून बाप्पा, डॉक्टर नाही होऊन राहिली का?"

"नाही आत्याबाई."

"मंग नर्स?"

"नाही."

"मंग आत जाऊन करशीन काय तू?"

त्या दिवशी आमच्या घरात विचारला गेलेला हा एकमेव शहाणा प्रश्न. उत्तर लांबलचक आहे. पेशंट आत यायच्या आधी भूल द्यायचं मशीन तपासून ठेवायचं, ऑक्सिजन किती उरला ते पाहायचं, सक्शन खरंच ओढतंय की नुसतंच गुरगुरतंय ते बघायचं. कॉटरीची प्लेट पेशंटच्या अंगाला नीट चिकटवायची, नाहीतर तिथे भाजतं. कुठल्या ऑपरेशनला टेबल किती तिरपं करायचं, दिवा कुठे ओढला म्हणजे सर्जनच्याच डोक्याची सावली पडणार नाही, एक्सरेचा सी-आर्म कुठून सरकवायचा, कुठल्या ट्रेत कोणती हत्यारं लावायची, हे सगळं तिचं काम. अमेरिकेत सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट हात धुऊन, गाऊन चढवून सर्जनसमोर उभा राहतो आणि हत्यार हातात देतो. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांत ते काम बहुधा सिस्टरकडे असतं, मशीन आणि टेबल टेक्निशियनकडे. छोट्या नर्सिंग होममध्ये मात्र सर्जन आणि भूलतज्ज्ञ सोडले तर उरलेलं बरंचसं एकाच माणसाकडे येतं, आणि वीज गेली की जनरेटरकडेही तोच धावतो.

हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे राबायचं हिनं अन् नाव डॉक्टरचं." घरातल्या बायकांना विषय तिथेच कळला. पुरुषांना समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली.

मग निघाला कोर्स निवडण्याचा प्रश्न. बाजारात गर्दी भरपूर. सहा महिन्यांचं ओटी असिस्टंटचं सर्टिफिकेट आहे, वर्षाचा डिप्लोमा आहे, बीएस्सी ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी आहे, आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी आहे. या शेवटच्या पदवीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, तीन वर्षं शिकायचं आणि वर इंटर्नशिपचं एक वर्ष. एवढं सगळं समोर आल्यावर आमच्या घराण्याने आपल्या परंपरेनुसार अंदाजपंचे दाहोदरसे निर्णय घ्यायला सुरुवात केली. मोठेबाबांनी सहा महिन्यांचा कोर्स उचलून धरला, कारण तो लवकर संपतो. माझ्या भावाचं मन सावंगी मेघेच्या कॉलेजकडे ओढत होतं, कारण वर्ध्याला त्याची सासुरवाडी. आत्याबाईंचं मत मेडिकलला, म्हणजे १९४७ सालच्या आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजला, कारण ते त्यांच्या घरून दिसतं. कोर्समध्ये काय शिकवतात हे कुणीच विचारलं नाही. ती विचारायची गोष्ट असते हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं.

पुतणीला सुचलं. भाऊ, मी आणि ती असे तिघं सीताबर्डीवरच्या एका संस्थेत गेलो. खाली साड्यांचा सेल, वर पॅरामेडिकल. माहितीपत्रकावर मास्क लावलेले गोरे डॉक्टर आणि खाली 'शंभर टक्के प्लेसमेंट'. काउन्सेलर मॅडमनी आधी थंड पाणी दिलं, मग फक्त दोन सीट उरल्याची बातमी दिली. नागपुरात कुठल्याही दिवशी कुठल्याही कोर्सच्या दोनच सीट उरलेल्या असतात.

"प्रॅक्टिकल कुठे असतं?" पुतणीने विचारलं.

"आपलं टायअप आहे ना."

"कोणत्या हॉस्पिटलशी?"

"सगळ्याच मोठ्या हॉस्पिटलांशी."

"ओटीत उभं राहू देतात?"

"ते मग सिच्युएशन पाहून."

माझ्या भावाने एसी किती टनाचा आहे ते विचारलं. तो समाधानी दिसत होता.

मग मॅडमनी लॅब दाखवली. टेबलावर हिरव्या कापडाखाली प्लॅस्टिकचा एक पुतळा झोपलेला होता. त्याच्या पोटाचं झाकण उघडत होतं आणि आतले अवयव सुटे काढता येत होते. लिव्हर मागच्या बॅचपासून सापडत नव्हतं. शेजारी हत्यारांचा ट्रे आणि त्यावर लॅमिनेट केलेली यादी. पुतणीने यादी वाचली, ट्रेकडे पाहिलं, पुन्हा यादी वाचली.

"यादीत आर्टरी फोर्सेप्स सहा लिहिलेत. ट्रेमध्ये चार आहेत."

"असतील इथेच," मॅडम म्हणाल्या.

आम्हा दोघा भावांना या उत्तरात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या घरात चष्मा, गाडीची चावी, लाइटचं बिल आणि कधीकधी मोठेबाबासुद्धा 'असतील इथेच' या सदरात मोडतात. पुतणी मात्र पर्स खांद्याला लावून जिना उतरायला लागली होती.

तिला खरी माहिती मिळाली ती आमच्या गल्लीतल्या एका दादाकडून. हा दादा धंतोलीच्या एका हॉस्पिटलात बरीच वर्षं ओटीत आहे. रात्रपाळी संपवून तो सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर येतो, आणि तिथे त्याची शिकवणी झाली. फी म्हणून पोहे आम्ही दिले.

"मॉप म्हणजे काय माहीत हाय?" त्याने विचारलं. "फरशी पुसायचा नव्हे. पोटाच्या ऑपरेशनात रक्त टिपायला मोठा गॉजचा चौकोन घालतात, तो. त्याले दोरी असते, अन् आत निळा धागा असते. तो धागा एक्सरेत दिसते. कावून असते सांग?"

पुतणी म्हणाली, "आत राहिला तर सापडावा म्हणून."

"बराबर. पण एक्सरेची पाळी येऊ द्यायची नाही. सुरू करायच्या आधी मोजायचे, फळ्यावर लिहायचे. पोट बंद करायच्या आधी मोजायचे. कातडी शिवताना पुन्हा मोजायचे. दहा दिले, दहा वापस."

"आणि नऊच निघाले तर?"

"तर सांगायचं, सर, थांबा."

"सर चिडत नाहीत?"

"चिडतात ना. चिडू दे. तरी थांबा." त्याने तर्री मागून घेतली. "बादलीत पाहायचं, चादरीत पाहायचं, टेबलाखाली पाहायचं. एकदा तर सरच्याच चपलेले चिकटून होता. असन इथंच म्हणून टाका नाही घालत कोणी."

माझा भाऊ पोहे खायचा थांबला. काउन्सेलर मॅडमचे दोन फोर्सेप्स नेमके कुठे असू शकतात, याचा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला असावा.

दादाने मग ऑटोक्लेव्हचं सांगितलं. हत्यारं कापडात गुंडाळून वाफेत ठेवायची, १२१ अंश तापमान, पंधरा पौंड दाब. गाठोड्यावर एक टेप लावतात. बाहेर काढल्यावर तिच्यावर काळे पट्टे उमटलेले दिसतात. "नवीन पोरं पट्टे पाहून खूश होतात," तो म्हणाला. "पण तो पट्टा एवढंच सांगते का गाठोडं तापलं. आतपर्यंत वाफ पोचली का, जंतू मेले का, ते नाही सांगत. त्याच्यासाठी आतमधी दुसरी पट्टी टाका लागते, जंतूंचे बीजाणू ठेवून तपासा लागते."

सर्टिफिकेट म्हणजे ही टेपच. पोरगं फीच्या वाफेतून जाऊन आलं, एवढं ते खात्रीने सांगतं.

त्यानंतर पुतणीने आपली एक यादी केली आणि ती घेऊन ती एकटीच फिरली, कारण आम्ही एसीचे टन विचारतो. यादीत पहिला प्रश्न: कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का? दुसरा: ओटीत पहिल्यांदा कितव्या महिन्यात नेता? तिसरा: विद्यार्थी किती ऑपरेशनांत हात लावतो आणि ते कुठे लिहून ठेवता? अमेरिकेतल्या अभ्यासक्रमात याचं उत्तर आकड्यात आहे. तिथे शिकणाऱ्याला किमान १२० ऑपरेशनांत प्रत्यक्ष काम करावं लागतं, आणि नुसतं बघत उभं राहिलेलं ऑपरेशन त्यात धरत नाहीत. म्हणजे आम्ही बाकड्यावर काढलेली हयात तिथे शून्य भरली असती.

चौथा प्रश्न तिने कायदा वाचून घातला होता. आरोग्य क्षेत्रातल्या सहयोगी व्यवसायांसाठी २०२१ साली संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात तंत्रज्ञाच्या पदविकेला किंवा पदवीला दोन ते चार वर्षांत मिळून किमान २००० तासांचं शिक्षण लागतं असं म्हटलं आहे. पुतणीने सहा महिन्यांच्या कोर्सवाल्यांना विचारलं, "रोज किती तास?" "तीन." आठवड्याला सहा दिवस धरून तिने तिथेच गुणाकार केला. पाचशे तासही भरत नव्हते. "उरलेले दीड हजार कुठे आहेत?" तिने विचारलं. उत्तर मला सांगायला नको.

मोठेबाबांना हे मोजणं-बिजणं अतिच वाटत होतं. "इतके मोठे डॉक्टर, त्याइले काय मोजून दाखवा लागते?" लागतं. आणि हे जगाला पटवून देण्यात ज्याचा मोठा वाटा, त्या सर्जनच्या वडिलांचं गाव आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. अतुल गावंडे अमेरिकेत वाढले, तिथेच सर्जन झाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या चमूने शस्त्रक्रियेच्या वेळी वाचायची १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली. पेशंट तोच आहे ना, अंग तेच आहे ना, अँटिबायोटिक दिलं ना, मॉप आणि हत्यारं मोजली ना. यात नवीन काहीच नाही, सगळं सगळ्यांना माहीत असलेलं. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी मोठ्याने वाचायला लावली, त्यात दिल्लीचंही एक होतं. २००९ साली निकाल छापून आला: ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले होते. सगळ्यांना माहीत असतं म्हणून कुणीच विचारत नाही, ही अडचण एकट्या आमच्या घरची नव्हती तर.

हे सगळं ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "उटीचे गावंडे? उमरखेडकडचे? पाहा, आपल्या लताच्या सासरचेच निघतीन."

पुतणीने शेवटी एका सरकारी मेडिकल कॉलेजात बीपीएमटीला प्रवेश घेतला. आत्याबाईंना वाटतं त्यांच्या सांगण्यावरून घेतला. भावाला वाटतं फी पाहून घेतला. तिला विचारलं तर म्हणते, "तिथल्या सरांना मी विचारलं, मोजणी जुळली नाही तर विद्यार्थ्याने काय करायचं. ते म्हणाले, मोठ्याने ओरडायचं. बाकीच्या सगळ्या ठिकाणी 'तशी वेळ येत नाही' म्हणाले होते."

तिचं शिक्षण चालू आहे. परवा घरी हत्यारांची उजळणी करत होती. "ही मेयो सिझर," म्हणाली, तर मोठेबाबा म्हणाले, "मेयोची मेडिकलले कावून आणली? वापस करून ये." ती कात्री अमेरिकेतल्या मेयो डॉक्टरांची, आमच्या सीए रोडवरच्या मेयो हॉस्पिटलची नव्हे, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

चीर देण्याआधी एक टाइम-आउट असतो, असं तिने सांगितलं. टेबलाभोवतीचा प्रत्येक जण आपलं नाव आणि काम सांगतो, आणि ज्याला काही चुकतंय असं वाटेल त्याने बोलायचं, मग तो सगळ्यात धाकटा का असेना. आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या बोलण्याने कुणी थांबल्याची नोंद नाही. आता ही पोरगी "थांबा" म्हणाली की हातात सुई धरलेला सर्जन थांबणार. तिने तो प्रयोग घरी आत्याबाईंवर करून पाहिला. त्या थांबल्या नाहीत. पण तिची इंटर्नशिप अजून बाकी आहे.