‘सामान घेऊन येतो’ म्हणून गेलेल्या प्लंबरभाऊंस

प्रति,
प्लंबरभाऊ,
मुक्काम: बहुधा दुसऱ्या कुणाचे तरी बाथरूम.

विषय: अर्जदाराच्या भिंतीस पडलेल्या भगदाडाबाबत.
संदर्भ: आपला फोन, ‘निघालोच, पाच मिनिटांत.’

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण गेल्याच्या गेल्या शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता अर्जदाराच्या पुण्यातील फ्लॅटमधून ‘एक एल्बो आणि टी घेऊन येतो’ असे सांगून बाहेर पडलात. हार्डवेअरचे दुकान चौकात आहे. रमतगमत गेले तरी चार मिनिटे लागतात. आज बुधवार, अकरा दिवस झाले. अर्जदाराने दुकानात चौकशी केली. एल्बो होती, टीही होती, आपण नव्हतात.

प्रकरण मुळात किरकोळ होते. खालच्या मजल्यावरच्या काकू आपल्या बाथरूमच्या छताचा फोटो घेऊन वर आल्या. ओलीचा डाग साधारण महाराष्ट्राच्या नकाशासारखा, आणि कोकणपट्टीच्या बाजूने टपटप. काकू म्हणाल्या, ‘घाई नाही हो, पण अंघोळ करताना डोक्यावर पडतं.’

आपण आलात. शॉवरखालच्या भिंतीवर बोटाने टकटक केलीत, जुना वैद्य नाडी बघताना डोळे मिटतो तसे मिटलेत, आणि निदान केलेत: ‘आतली लाइन गेली.’ मग छिन्नी, हातोडा, धुरळा. सात टाइल्स फुटल्या. आतून सीपीव्हीसीचा पाइप निघाला, कोरडा ठणठणीत. तरी खात्रीसाठी आपण तो कापलात. कापल्यावरही तो कोरडाच होता. आपण पाइपाकडे पाहिलेत, अर्जदाराने आपल्याकडे पाहिले, आणि नेमकी त्याच क्षणी आपल्याला सामानाची आठवण झाली.

त्या टाइल्सवर निळी वेल होती. ती वेल आता कुठल्याही दुकानात मिळत नाही. दुकानदार फोटो बघून हसला आणि म्हणाला, ‘सगळंच बाथरूम करून घ्या ना.’

या अकरा दिवसांत अर्जदाराने थोडा अभ्यास केला. नळाच्या लाइनीत पाणी कायम दाबाखाली असते. तिला चीर गेली तर ती रात्री दोनलाही गळते, घराला कुलूप असले तरी गळते. सांडपाण्याच्या लाइनीचे तसे नाही, वर कुणी पाणी ओतले तरच ती खाली टपकते. म्हणजे छिन्नी हातात घेण्याआधी एकच करायचे होते. वॉल्व्ह उघडा ठेवून दिवसभर त्या बाथरूममध्ये थेंबही वापरायचा नाही आणि संध्याकाळी काकूंना विचारायचे. टपटप चालू असेल तर भिंत, थांबली असेल तर फरशी. खर्च शून्य रुपये.

आपण लाइन कापून ठेवल्यामुळे अर्जदाराला उलट बाजूने जावे लागले. वॉल्व्ह बंद, पाइप रिकामा. चौथ्या दिवशी त्याने बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि ती न्हाणीत ओतली. चाळीस मिनिटांनी काकूंचा फोन आला: ‘अहो, कोकणात निळं पाणी उतरलंय!’

म्हणजे गळत होता तो नहाणी ट्रॅपचा सांधा. भिंतीचा काडीचा संबंध नव्हता.

हा नहाणी ट्रॅप आपल्या न्हाणीवरून नाव घेऊन देशभरच्या इंजिनियरिंगच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे. अर्जदाराला या गोष्टीचा फार अभिमान होता, सध्या थोडा कमी झाला आहे. त्या ट्रॅपमध्ये अडून राहिलेले दोनेक इंच पाणी गटाराचा वास थोपवते. याच तत्त्वावरच्या वाकड्या नळीचे पेटंट अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 साली संडासासाठी घेतले होते. बाथरूम वापरात नसेल तर ते पाणी सुकते आणि गटाराचा रस्ता मोकळा होतो. अर्जदाराकडे सध्या त्या रस्त्याने झुरळे येतात. आपल्यापेक्षा नियमित.

किरकोळ तक्रारी अशा. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तिथे वॉशर बदलण्याऐवजी आपण अख्खा नळ बदललात आणि नव्याच्या चकचकीत अंगावर पाइप पान्याचे दात उमटवलेत. तो नवाही ठिबकतो. सेकंदाला एक थेंब आणि चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाचे 86,400 थेंब, म्हणजे 21.6 लिटर. एक बादली रोज. बेसिनखाली आपण एम-सील लावलेत, फ्लश टँकला एम-सील, गीझरच्या सांध्यालाही एम-सील. अर्जदाराचा गुडघा दुखत होता, बरे झाले बोलला नाही.

हे पत्र इथे शिव्या देऊन संपवायचे होते. पण सोमवारी अर्जदार भाजी आणायला निघाला आणि शेजारच्या इमारतीत त्याला आपण दिसलात.

चौथ्या मजल्यावर, डक्टमध्ये. एक पाय खिडकीच्या छज्ज्यावर, दुसरा ड्रेनेजच्या पाइपाच्या क्लॅम्पवर. कमरेला ना पट्टा ना दोर. तोंडात टॉर्च, एका हातात पाना, दुसऱ्या हाताने पाइप धरलेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी फ्लश ओढला आणि उघड्या सांध्यातून जे यायचे ते आपल्या बाहीवर आले. आपण मान वळवलीत, थुंकलात आणि पुन्हा पाना लावलात. खाली उभे तिघेजण वर बघून ओरडत होते, ‘किती वेळ अजून?’ अर्जदार हाक मारणार होता. मारली नाही.

अहो, असला डक्ट बांधतो कोण? माणसाला पाय ठेवायला वीतभर जागा नाही! फ्लॅट विकताना स्विमिंग पूलचे रंगीत चित्र देतात, क्लब हाउसचे देतात, पण भिंतीत पाइप कुठून कुठे गेला याचा एक साधा कागद ग्राहकाच्या हाती देत नाहीत. गिलावा करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायला किती खर्च येतो? तो कागद असता, तर आपल्याला भिंतीची नाडी बघावी लागली नसती. ज्याने पाइप पुरले तो पैसे घेऊन मोकळा. शिव्या मात्र छिन्नीवाल्याला.

आणि अर्जदारही काही धुतल्या तांदळाचा नाही. शॉवरची चकचकीत तबकडी त्याने सहा हजारांना एक शब्द न बोलता घेतली. आपल्या तीनशे रुपयांच्या व्हिजिटवर मात्र तो दारात उभा राहून दहा मिनिटे घासाघीस करत होता.

तरी, महोदय, भिंत आपणच फोडली आहे. तेव्हा यावे ही विनंती. भिंतीतला पाइप जोडा आणि फरशी फक्त न्हाणीभोवती उघडा. निदान आयते तयार आहे. व्हिजिटचे तीनशे पूर्ण मिळतील.

आपला,
बादलीधारक अर्जदार

ता. क. एल्बो आणि टी अर्जदाराने स्वतः आणून ठेवल्या आहेत, पाऊण इंची. हात हलवत आलात तरी चालेल. दिवसा घरी कुणी नसते, किल्ली खालच्या काकूंकडे आहे.