बाबांच्या खिडक्या

आइंडहोव्हन
ऑक्टोबर अखेर

ती. बाबा आणि ती. आईस,
मीनूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. थंडी पडली, अर्णवला सर्दी झाली आणि निखिल या आठवड्यात सायकलवरून पडला नाही, एवढ्याच बातम्या. ईमेल सोडून कागदावर लिहायचं कारण असं, की ईमेल वाचायला तुम्हाला संगणक उघडावा लागेल. आणि आई सांगते, संगणक उघडला की आधी एक बाई कर्ज देऊ करते, मग गुडघेदुखीचं तेल येतं, मग व्हायरस सापडतो, आणि हे सगळे मार्गी लागेपर्यंत तुमची चहाची वेळ होते. निखिलचा मित्र दिवाळीला सांगलीला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. मॉनिटरशेजारी ठेवा. परतताना त्याच्याबरोबर चकल्या पाठवा.

फोनवर तुम्ही म्हणालात, “मी काहीच केलेलं नाही.” असं म्हणणाऱ्या पोरांना हेडमास्तर असताना तुम्ही बाकावर उभं केलेलं मी पाहिलंय! आईने मात्र सविस्तर जबानी दिली आहे. पेन्शनचं स्टेटमेंट उघडेना. तिथे ‘पॉप-अप ब्लॉकर बंद करा’ अशी पाटी होती. तुम्ही तो आज्ञाधारकपणे बंद केलात, अख्ख्या जगासाठी. स्टेटमेंट मिळालं. त्याच संध्याकाळी जुनी नाट्यपदं शोधताना एका साइटने सांगितलं, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा.’ तुम्ही सिद्ध केलंत.

यात मी तुम्हाला दोष देत नाही. दोष ती पाटी लावणाऱ्याचा. ‘आमच्यापुरती परवानगी द्या’ असं लिहायला त्याला एक शब्दही जास्त पडला नसता.

आता स्टेटमेंट अडलं का होतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय तुम्ही काही ऐकणार नाही. तुम्ही माउसने क्लिक केलंत आणि लगेच नवी खिडकी उघडली, तर ब्राउझर समजतो की ती तुम्ही मागवली. तो ती येऊ देतो. पान आपल्या आपण खिडकी उघडायला गेलं, की अडवतो. पेन्शनवाल्यांचं पान क्लिक झाल्यावर आधी आत विचारपूस करत बसतं आणि बऱ्याच सेकंदांनी खिडकी उघडायला जातं. तोवर तुमचा क्लिक शिळा झालेला असतो. ब्राउझरला वाटतं, ही आगंतुक. म्हणजे ज्याने अडवलं तोही बरोबर, आणि तुम्ही चिडलात तेही बरोबर.

यावर उपाय आपल्या जुन्या वाड्यासारखा. मोठा दरवाजा सदा बंद, आणि त्यातल्या दिंडीतून ओळखीच्या माणसाला आत घ्यायचं. तुम्ही सगळा दरवाजाच उघडून ठेवलात.

तेव्हा क्रोममध्ये वर उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, आणि तिथे ‘पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स’. वरचा पर्याय परत ‘परवानगी नाही’वर आणा. खाली परवानगी असलेल्यांची यादी आहे. तिथे ‘अॅड’ दाबून पेन्शनच्या साइटचा पत्ता घाला. पत्ता गूगलवर शोधून पहिला दिसेल तो नको, पासबुकावर छापलाय तो. याहून सोपी युक्ती म्हणजे खिडकी अडली की पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे एक बारकं चिन्ह उमटतं. त्यावर क्लिक करून तेवढ्याच साइटला कायमची परवानगी देता येते. ते चिन्ह इतकं लहान आहे की ते आखणाऱ्याला चाळिशीचा चष्मा लागलेला नसावा.

मावशीकडे फायरफॉक्स आहे. तिथे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये पॉप-अप अडवायची चौकट असते आणि शेजारी ‘एक्सेप्शन्स’चं बटण. दादाच्या मॅकवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये वेबसाइट्स, मग पॉप-अप विंडोज. दादा तुम्हाला शिकवायला आला तर त्याला आधी हे विचारा, गप्प बसेल.

एवढं करूनही उजव्या कोपऱ्यात खाली ‘तुमच्या संगणकात व्हायरस’ अशा चिठ्ठ्या येतच राहतील. मग तुम्ही म्हणाल, मीनूला काही कळत नाही. बाबा, त्या पॉप-अप नव्हेत, त्या नोटिफिकेशन्स. नाट्यपदांच्या साइटला तुम्ही रोबो नसल्याचं सिद्ध केलंत ना, तेव्हा दिलेली ती परवानगी. पॉप-अप ब्लॉकर तिला हात लावत नाही. त्याच साइट सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि परवानगीच्या यादीतून अनोळखी नावं काढून टाका. आईला शेजारी बसवा. यादी वाचून “हा कोण?” असं विचारण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

शिवाय जाहिरातीच्या चित्रातली फुली ही बरेचदा फुली नसतेच, चित्राचाच भाग असते. तिच्यावर क्लिक केलं की तिची बहीण उघडते. कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबा, पान बंद.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. हा प्रकार सुरू करणाऱ्यांपैकी एकाने चक्क लेखी माफी मागितली आहे! ईथन झुकरमन त्याचं नाव. नव्वदच्या दशकात तो ट्रायपॉड नावाच्या कंपनीत होता. लोक तिथे आपापली वेबपानं फुकट बनवत, खर्च जाहिरातींवर निघे. एका मोटार कंपनीची जाहिरात एका चावट पानावर झळकली आणि कंपनी भडकली. म्हणून याने जाहिरात पानापासून वेगळी करून स्वतंत्र खिडकीत उघडणारा कोड लिहिला. हेतू अब्रू वाचवण्याचा होता. २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात त्याने ‘क्षमस्व, हेतू चांगला होता’ अशा अर्थाचं लिहिलं. तुमच्या शाळेत असता तर तुम्ही त्याच्याकडून हे शंभरदा लिहून घेतलं असतंत. इंटरनेट एक्सप्लोररला पॉप-अप अडवायची सोय २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर आली. तोवर तो वापरणारे बरेच लोक हातानेच खिडक्या मिटत बसत.

आमचंही फार बरं चाललंय असं समजू नका. इथे कोणतंही पान उघडलं की कुकीजची परवानगी मागणारी चौकट समोर उभी. युरोपात तसा नियमच आहे आणि २०१८ च्या मे महिन्यात जीडीपीआर लागू झाल्यापासून तर तो फारच मनावर घेतलाय. ही चौकट त्या पानाच्या पोटातच असते, त्यामुळे पॉप-अप ब्लॉकरला ती दिसत नाही. अर्णवचे पहिले डच शब्द ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ यांच्या आधी ‘आक्सेप्टेरन’ आणि ‘वायखरन’ हे झाले, म्हणजे मान्य आणि नामंजूर. गंमत म्हणजे इथली बरीच माणसं घराच्या खिडक्यांचे पडदे ओढत नाहीत. रस्त्याने जाताना अख्ख्या गल्लीचं जेवण दिसतं. परवानगीचे सोपस्कार सगळे संगणकावर.

आता शेवटचं, आणि हे गमतीत घेऊ नका. एखाद्या दिवशी सगळा पडदा व्यापून लाल पाटी येईल, भोंगा वाजेल, ‘मायक्रोसॉफ्टच्या या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असं लिहिलेलं असेल. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, पडदा लहान होईल, पान बंद करा. नाहीच झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून क्रोम बंद करा. क्रोम पुन्हा उघडल्यावर ‘रीस्टोअर’ विचारेल, ते दाबायचं नाही. फोन तर मुळीच लावू नका, त्या माणसाला मराठी येत असलं तरी.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा आहे, त्याआधी हे उरकून घ्या. आईला सा. न., मोत्याला बिस्किट.

तुमची,
मीनू

ता. क. कुणी फसवून खात्यातून पैसे काढलेच, तर मला फोन करण्याआधी १९३० ला करा. सायबर फसवणुकीसाठीचा तो सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडण्याची शक्यता जास्त. आईने तो कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वर, ठळक लिहून ठेवावा.