फोम येतोय, तोवर जळू द्या

६ ऑक्टोबर २०१७ ला मुंबई बंदरातल्या बुचर आयलंडवर वीज पडली आणि डिझेलची टाकी पेटली. बेटाचं कागदोपत्री नाव जवाहर द्वीप. आग तीन-चार दिवस चालली आणि तेवढ्यात या शहरात अग्निशमनाचे तज्ज्ञ किती आहेत ते कळलं. लोकलमध्ये, नाक्यावर, वाहिन्यांवर सवाल एकच: चहूबाजूंनी समुद्र आहे, मारा की पाणी!

तेल पाण्यावर तरंगतं हे आपण शाळेत मार्कांपुरतं शिकतो आणि मार्क पडले की विसरतो. पेटत्या टाकीत ओतलेलं पाणी तळाशी जाऊन बसतं, वर तेल निवांत जळत राहतं. टाकीत क्रूड किंवा जड इंधन तेल असेल तर प्रकरण आणखी वाईट. तापलेला थर तासन् तास खाली उतरत जातो, तळच्या पाण्याला टेकतो, पाण्याची एकदम वाफ होते. वाफेला पाण्याच्या सतराशे पट जागा लागते. ती जागा मिळवायला वाफ पेटतं तेलच टाकीबाहेर उडवते. व्हेनेझुएलात टाकोआला १९ डिसेंबर १९८२ रोजी हेच झालं. दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यांत अग्निशमनाचे जवान होते, बातमीदार होते आणि नुसते बघायला आलेलेही होते. मोबाइल नव्हते तेव्हाची गोष्ट.

म्हणून बुचर आयलंडवर जवानांचा भर राहिला तो शेजारच्या टाक्या थंड ठेवण्यावर. पेटलेलं डिझेल जळून जाऊ दिलं. ‘जळू द्या’ हा हुकूम द्यायला छाती लागते, कारण त्याच वेळी कुणा ना कुणा साहेबांचा फोन चालू असतो.

तेलाची आग विझते ती फोमने. दुधावरच्या सायीसारखा त्याचा थर तेलावर धरला की हवा तुटते, वाफा दबतात. समुद्राचं पाणी इथे चालतं, फक्त त्यात फोमचा अर्क हवा. हे सगळं किती हवं? ४० मीटर व्यासाची टाकी घ्या, साधारण साडेबाराशे चौरस मीटर पृष्ठभाग. लांबून मॉनिटरने, म्हणजे फवाऱ्याच्या तोफेने, फोम मारायचा तर अमेरिकी प्रमाणकानुसार चौरस मीटरमागे मिनिटाला किमान साडेसहा लिटर मिश्रण, म्हणजे मिनिटाला आठ हजारांवर. पेट्रोल असेल तर हे ६५ मिनिटं, एका दमात. झाले सव्वापाच लाख लिटर. त्यात ३ टक्के अर्क धरा, तर नुसता तोच सोळा हजार लिटर. दहा हजार लिटरचे टँकर पाण्यासाठी आणायचे ठरवले तर पन्नासेक आणा आणि रांगेत उभे करायला पोलीस वेगळे मागवा.

खरी मेख पुढे आहे. हा सगळा साठा हाताशी येईपर्यंत सुरुवातच करायची नसते. अर्धा फोम मारला आणि संपला, तर तासाभराने ज्वाळांनी तो खाऊन टाकलेला असतो आणि खर्च पाण्यात. आपल्याकडे पूल हप्त्याने होतो, मेट्रो हप्त्याने होते, उद्घाटनं तर हप्त्याहप्त्यानेच होतात. ही आग तेवढी हप्ते घेत नाही. तिच्याकडून शिकावं असं आमच्या ओळखीचं एक अख्खं खातं आहे.

इंग्लंडातल्या बन्सफील्डच्या तेल डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे वीसहून जास्त टाक्या पेटल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी साठा जमवला आणि मुख्य मारा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केला. पण बन्सफील्डची आमची आवडती गोष्ट आहे कुलपाची. ९१२ नंबरच्या टाकीत रात्रभर पेट्रोल येत होतं. तीनच्या सुमाराला पातळी दाखवणारं गेज अडकलं. ते ऑगस्टअखेरपासून चौदा वेळा अडकलेलं होतं. कधी पर्यवेक्षकच ते वर खेचून सोडायचे, चालू व्हायचं, विषय संपला. टाकी काठोकाठ भरली की पुरवठा तोडणारा वेगळा स्विचही होता. त्याच्या तपासणीच्या दांडीला एक छोटं कुलूप लावायचं असतं, नाहीतर दांडी खाली येते आणि स्विच कामातून जातो. ‘कुलूप काय, चोरीबिरी होऊ नये म्हणून असेल,’ असं समजून ते कुणी लावलंच नव्हतं. पेट्रोल टाकीवरून वाहिलं, वाफेचा ढग पसरला, सहा वाजता स्फोट. रविवार होता म्हणून ४३ जखमींवर भागलं, मृत्यू एकही नाही. आग विझवायला ७ लाख ८६ हजार लिटर फोमचा अर्क लागला. एका कुलपाचं बिल.

इंग्रजांना हसू नका. जयपूरच्या सीतापुरा तेल डेपोत २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी शेजारच्या कंपनीला पेट्रोल पाठवायची तयारी चालली होती. व्हॉल्व्ह उघडायचा क्रम चुकला, पेट्रोलचं कारंजं उडालं आणि सव्वा तास उडतच राहिलं. कंट्रोल रूममधून बटण दाबून व्हॉल्व्ह बंद करायची सोय होती. होती म्हणजे बसवलेली होती, चालत नव्हती. मग स्फोट. ११ माणसं गेली, ११ टाक्या ११ दिवस जळाल्या. तिथेही शेवटी जळूच दिलं.

आता मॉक ड्रिल बघा. १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ, अग्निशमन सप्ताह सुरू होतो. मैदानात पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल ओततात. प्रमुख पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले तर आगही अर्धा तास थांबते. पाहुणे आले की पेटते, दोन मिनिटांत विझते, टाळ्या, वडापाव. पहाटे तीनला अडकलेल्या गेजचं आणि न चालणाऱ्या बटणाचं ड्रिल मात्र कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नसतं. त्या वेळेला पाहुणे कोण येणार?