न केलेल्या बदलांबाबत

प्रति,
मा. एक्सेल साहेब,
मुक्काम : जिथे तिथे

दिनांक : आजची (पत्र उद्या उघडल्यास उद्याची)

विषय : न केलेल्या बदलांबाबत खुलासा मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदार एका गृहनिर्माण सोसायटीचा खजिनदार आहे. मेंटेनन्सच्या थकबाकीची फाईल उघडायची, कुणाकडे किती बाकी आहे ते बघायचं आणि बंद करायची, एवढंच त्याचं काम. पण एकही आकडा न लिहिता फुलीवर क्लिक केलं, तरी आपण दारात आडवे येता आणि विचारता, केलेले बदल सेव्ह करायचे का? कुठले बदल, ते सांगत नाही. पोलिसानं भर रस्त्यात थांबवून नुसतं ‘गुन्हा कबूल आहे का?’ विचारावं, तशातली ही गत.

चौकशी केली तेव्हा कळलं की ‘किती दिवस थकले’ या रकान्यात आधीच्या खजिनदारांनी टुडे हे सूत्र घालून ठेवलं आहे. टुडे, नाऊ, रँड, ऑफसेट, इनडायरेक्ट ही आपल्या पदरची अस्थिर मंडळी. बाकीची सूत्रं समजूतदार आहेत. ज्या सेलवर ती अवलंबून, तिथं काही हललं तरच पुन्हा हिशेब करतात. या मंडळींना मात्र फाईल उघडल्याचं निमित्त पुरतं. त्यांनी नव्यानं मोजलं, की उत्तर तेच आलं तरी आपण ‘फाईल बदलली’ असा शेरा मारून मोकळे. नाऊचं एक वेळ समजू शकतो, घड्याळ कुणासाठी थांबत नाही. पण ऑफसेटनं काय बदललं? पाच ओळी खाली, दोन रकाने उजवीकडे काय आहे एवढंच त्याला बघायचं असतं, आणि जे काल तिथं होतं तेच आजही असतं.

शिवाय फाईल आपल्याच जुन्या आवृत्तीत सेव्ह झालेली असेल, तर नवी आवृत्ती ती उघडताच सगळा हिशेब पहिल्यापासून करते. म्हणजे कालच्या आपल्यावर आजच्या आपला भरवसा नाही. (ही शिस्त आमच्या लेखापरीक्षकांना लागली, तर मी त्याच दिवशी राजीनामा देईन.)

आता उत्तर काय द्यावं? ‘हो’ म्हटलं, तर फाईलच्या माहितीत शेवटचा बदल करणारा म्हणून माझं नाव आणि रात्री साडेअकराची वेळ नोंदली जाते. सर्वसाधारण सभेत ती वेळ मोठ्यानं वाचून दाखवणारे सभासद आमच्याकडे आहेत. ‘नको’ म्हणायची सवय लावून घेतली, तर एखाद्या दिवशी खरोखर भरलेली पावतीसुद्धा त्याच सवयीनं जाईल. रोज खोटी हाक मारणाऱ्याची खरी हाक ओळखायची कशी, हे आपण कधी सांगितलेलं नाही.

जाणकार म्हणाले, गणना मॅन्युअलवर टाका. पण एका बैठकीत पहिली उघडलेली फाईल मॅन्युअल असली, की मागाहून उघडलेल्याही तशाच वागतात, असा आपला कायदा. मग सगळ्यांचे थकलेले दिवस गेल्या महिन्यातच अडकतात आणि थकबाकीदार खूश. कंट्रोल धरून अर्धविराम दाबला की आजची तारीख कायमची बसते, पण ती सोय पावतीला. थकबाकीचे दिवस रोज पुढे सरकायलाच हवेत, नाहीतर खजिनदार हवा कशाला?

आणि आपण हिशेबाचे इतके काटेकोर, तर एक विचारतो. आपल्या कॅलेंडरात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तो दिवस उगवलाच नाही. लोटस १-२-३ मध्ये ही चूक होती. तिथल्या तारखा आपल्याशी जुळाव्यात म्हणून आपण ती तशीच घेतली आणि त्या दिवसाला ६० हा क्रमांकही देऊन टाकला. न उगवलेला दिवस एवढी वर्षं निमूट सांभाळणाऱ्यानं न केलेल्या बदलाचा जाब मला विचारावा?

मागणी एकच. त्या प्रश्नाखाली आणखी एक ओळ घाला : ‘तुम्ही काही केलेलं नाही, टुडेनं रकाना पुन्हा मोजला.’ मग हवं तर रोज विचारा.

उत्तर कृपया कागदावर पाठवावं. फाईल पाठवलीत, तर ती उघडावी लागेल.

आपला,
एक खजिनदार
(फक्त बघणारा)